कॅनडात स्वतःचा ट्रक: लीजवर घ्यावा की विकत?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कराडला तुमच्या दोन बाराचाकी गाड्या आहेत, आठ वर्षं स्वतः स्टिअरिंगवर आहात. आता इकडे ऑन्टारिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टनच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीने वर्क परमिट देऊ केलंय आणि वर सांगितलंय की आल्या दिवसापासून ट्रक लीजवर देतो, डाउन पेमेंट शून्य, चार वर्षांत गाडी तुमची. हे लीज घ्यावं, की कराडच्या गाड्या विकून त्या पैशात इकडे सरळ ट्रक विकत घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

मी सांगोल्याचा. अकरा वर्षं ब्रॅम्प्टनमध्ये आहे आणि दोन्ही करून बसलोय. लीजमध्ये बुडालो, विकत घेतलेल्या गाडीने सावरलो. त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे, हे धरूनच वाचा.

आधी परमिटचं बघा, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. एकाच मालकाच्या नावाचं वर्क परमिट असेल तर तुम्ही त्याच्याकडे पगारी ड्रायव्हर म्हणूनच काम करू शकता. ओनर-ऑपरेटर म्हणजे आपला मालक-चालक, म्हणजे स्वतःचा धंदा. त्या परमिटवर तो चालत नाही. पुढे पीआरच्या, म्हणजे कायम राहण्याच्या परवानगीच्या, अर्जात हे उकरून निघालं तर ट्रक राहील बाजूला आणि घरच्यांना इकडे आणायचं स्वप्न अडकेल. जी कंपनी परमिट आणि लीज एकाच दमात देऊ करते, तिला हे पक्कं माहीत असतं. माझ्या मते तिथेच सावध व्हा.

शिवाय तुमचं भारतातलं हेवी लायसन्स इकडे ट्रकसाठी थेट बदलून मिळत नाही. ऑन्टारिओत आधी कारचं जी लायसन्स, मग एझेड, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या मोठ्या ट्रकचं. जुलै २०१७ पासून एझेडच्या परीक्षेआधी किमान १०३.५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. त्यानंतरही दोन-तीन वर्षांचा इथला अनुभव नसेल तर विमावाले दारात उभं करत नाहीत, किंवा असा आकडा सांगतात की धंदा सुरू व्हायच्या आधीच संपतो. म्हणजे पहिली दोन-अडीच वर्षं लीज की खरेदी हा प्रश्नच येत नाही. कंपनीची गाडी, कंपनीचं डिझेल, तुमचा पगार. त्या काळात हिवाळा शिका, बॉर्डर शिका आणि कोणता ट्रान्सपोर्टवाला वेळेवर पैसे देतो ते बघून ठेवा.

आता लीज. हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींना वापरतात. ट्रक भाड्याने देणाऱ्या मोठ्या कंपन्या फुल-सर्व्हिस लीज देतात. हप्ता मोठा, पण दुरुस्ती त्यांची आणि मुदत संपली की गाडी परत. फायनान्स कंपनीचं लीज म्हणजे नाव बदललेलं कर्ज, शेवटी ठरलेली रक्कम भरली की गाडी तुमची. आणि तिसरं, जे तुम्हाला देऊ केलंय ते, लीज-पर्चेस. यात ट्रक ज्याचा, माल देणाराही तोच, आणि तुमच्या भाड्यातून हप्ता कापणाराही तोच. आपल्याकडे फायनान्सवाला हप्त्यासाठी मागे लागतो, पण कळंबोलीत कुठला माल भरायचा हे तो ठरवत नाही. इथे दोघं एकच. आठवडाभर त्याने तुम्हाला कमी माल दिला तरी हप्ता तेवढाच, आणि दुसऱ्याचा माल ओढायला तुम्ही मोकळे नसता.

माझं स्टेटमेंट अजून जपून ठेवलंय, २०१९ चं. चांगल्या आठवड्यात २,४०० मैल, मैलाला १.८५ डॉलर, म्हणजे ४,४४० डॉलर. त्यातून डिझेल १,७००, ट्रकचा हप्ता ८५०, विमा २५०, एस्क्रो म्हणजे त्यांच्याकडे जमा राहणारी अनामत १५०, नंबरप्लेटचे ४५, लॉगबुकच्या यंत्राचे १५. हातात १,४३०. दिसायला बरं, पण यातूनच टायर, ऑइल, दुरुस्ती आणि टॅक्स. आता त्याच महिन्यातला दुसरा आठवडा: १,१०० मैल, २,०३५ डॉलर. डिझेल ७८०, बाकी कपात तीच १,३१०. खाली छापलं होतं उणे ५५. सात दिवस घराबाहेर, आणि मीच कंपनीला ५५ डॉलर देणं लागत होतो. तो कागद बायकोने वाचला आणि काही न बोलता घडी घालून ठेवला.

तुम्ही म्हणाल, कमी पडलं तर रात्रीचा दिवस करू. गावाकडे आपण तेच करतो. इथे ते होत नाही. कॅनडात दिवसाला १३ तास ड्रायव्हिंग, अमेरिकेत शिरलात की ११. कॅनडात सात दिवसांत ७० तास ड्युटी भरली की गाडी उभी. हे सगळं इंजिनला जोडलेलं इलेक्ट्रॉनिक लॉगबुक मोजतं, आणि २०२३ पासून ते नसेल तर कॅनडात कारवाई होते. म्हणजे वाईट आठवडा अंगमेहनतीने भरून काढता येत नाही. दर आठवड्याचा ठरलेला खर्च कमी ठेवणं एवढंच हातात उरतं, आणि लीज-पर्चेसमध्ये नेमका तोच जास्त असतो. ८५० डॉलर आठवड्याला म्हणजे चार वर्षांत १,७६,८०० डॉलर. तसाच वापरलेला ट्रक तेव्हा बाजारात ७५ हजारांच्या आसपास मिळत होता.

फेब्रुवारीत हायवे १७ वर, वावा गाव सोडून मॅरेथॉन गावाकडे जाताना, डॅशबोर्डवर आफ्टरट्रीटमेंटचा दिवा लागला. धुराड्यातली काजळी आणि वायू साफ करणारी ही यंत्रणा बिघडली की इंजिन स्वतःच ताकद कमी करतं. शेवटी गाडी ताशी ८ किलोमीटरवर आली. बाहेर उणे ३१, मोबाइलला रेंज नाही, एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला झाडी. चार तासांनी टो ट्रक आला. टोचे २,६००, दुरुस्तीचे ७,४००, आणि गाडी नऊ दिवस गॅरेजमध्ये. वॉरंटी संपलेली, करारात दुरुस्ती माझ्याकडे. त्या नऊ दिवसांचा हप्ताही लागला. चौदा महिन्यांनी मी गाडी परत केली तेव्हा ५० हजारांहून जास्त भरून झाले होते. अनामत गाडी ‘ठीकठाक करण्याच्या’ खर्चात वळती झाली आणि मी रिकाम्या हाताने बाहेर पडलो.

हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. अमेरिकेत सरकारने यासाठीच ट्रक लीजिंग टास्क फोर्स नेमला होता. जानेवारी २०२५ च्या अहवालात त्याने असे लीज-पर्चेस प्रकार बंदच करावेत, अशी शिफारस केली.

मग दीड वर्ष पुन्हा पगारी नोकरी केली, पैसे साठवले आणि २०२० मध्ये चार वर्षं जुना घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारा ट्रक, विकत घेतला. ६८ हजार डॉलर, १८ हजार रोख, ५० हजारांचं कर्ज ९.५ टक्क्यांनी, चार वर्षं. हप्ता महिन्याला १,२५६, म्हणजे आठवड्याला २९० पडले. ८५० आणि २९० मधला फरक म्हणजेच माझी झोप. शिवाय ट्रक माझा असल्यामुळे एका ट्रान्सपोर्टवाल्याने पैसे थकवले तेव्हा मी दारावरचा त्याच्या कंपनीचा स्टिकर काढला आणि पुढच्या सोमवारी दुसऱ्याकडे लागलो.

खरेदी करताना दोन गोष्टींवर अडून बसा. एक, डाउन पेमेंटपेक्षा दुरुस्तीचे पैसे आधी. १५ हजार डॉलर वेगळ्या खात्यात नसतील तर ट्रक घेऊ नका. पुढे प्रत्येक मैलामागे १५ सेंट त्याच खात्यात टाका. दुसरी, थंड इंजिन. गाडी बघायला जाल तेव्हा बॉनेट उघडून इंजिनला हात लावा. गरम लागलं तर विकणाऱ्याने आधी चालू करून ठेवलंय, दुसऱ्या दिवशी सकाळी या. मग तुमच्यासमोर चालू करायला लावा, ऑइल भरायचं झाकण सोडवून तोंडावर उलटं ठेवा. झाकण हलकं थरथरलं तर ठीक. उडून पडलं किंवा बुचकन धूर आला तर पिस्टनच्या रिंगा संपल्यात, आणि इंजिन बांधायचा खर्च २५-३० हजारांच्या घरात जातो. ऑइलचा नमुना लॅबला द्या, इंजिनच्या कॉम्प्युटरमधून आयडलिंगचे, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन चालू राहिल्याचे, तास काढा. ऑन्टारिओत गाडीवर कुणाचा बोजा आहे का ते ऑनलाइन बघता येतं, न बघता पैसे देऊ नका.

करांचं थोडक्यात. खरेदीवर १३ टक्के एचएसटी, म्हणजे इकडचा विक्रीकर, एकदम भरावा लागतो, त्याची नोंदणी असेल तर तो परत मिळतो, पण मधले महिने पैसे अडकतात. लीजमध्ये तो प्रत्येक हप्त्यावर बसतो. मोठ्या ट्रकवर घसारा ४० टक्के दराने मिळतो, लीजचा हप्ता सरळ खर्चात जातो. टॅक्स वाचतो म्हणून लीज घ्या असं सांगणाऱ्याला विचारा, वाचवायला आधी नफा कुठाय?

खरेदीतही माणसं बुडाली, तेही सांगतो. २०२१ मध्ये भाडी चढली, जुन्या ट्रकच्या किमती डोळे फिरावेत अशा झाल्या, आणि माझ्या ओळखीच्या तिघांनी तेव्हाच गाड्या घेतल्या. मग भाडी पडली. बँक ऑफ कॅनडा या इकडच्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर २०२२ च्या सुरुवातीला ०.२५ टक्के होता, तो जुलै २०२३ मध्ये ५ टक्क्यांवर गेला. दोघांच्या गाड्या फायनान्सवाल्याने ओढून नेल्या. बाजार तेजीत असताना घाई करू नका, मंदीत चांगली गाडी स्वस्तात मिळते.

मी लीज कधी घेईन? हातात वर्षभराचा पक्का माल असेल, ट्रक देणारा आणि माल देणारा वेगळे असतील, आणि लीज फुल-सर्व्हिस असेल तर. तेव्हा हप्ता जास्त असला तरी हायवे १७ वरचा खर्च माझा नसतो.

एक जाळं अजून. काहीजण सांगतील, स्वतःच्या नावाची कंपनी काढ, ट्रक आमचाच चालव, बिलावर पैसे देतो. याला इकडे ड्रायव्हर इंक म्हणतात. ट्रक तुमचा नाही, म्हणजे तुम्ही मालक नाही. पगारी सुट्टी नाही, बेरोजगारी विमा नाही, आणि कर खात्याने उलटं धरलं तर जादा टॅक्स तुमच्या डोक्यावर.

कराडच्या गाड्यांचं म्हणाल तर दोन्ही विकू नका. जुनी काढा, त्यातून लायसन्स, ट्रेनिंग आणि पहिल्या सहा महिन्यांचं भाडं-किराणा भागेल. नवी भावाच्या हाती ठेवा. त्या कंपनीने करार पाठवला की सही करायच्या आधी मला पाठवा. तोवर एक गोष्ट तुम्हीच शोधा: चार वर्षांनंतर गाडी नावावर होण्याआधी शेवटी एकरकमी किती भरायचे आहेत, ते कुठे लिहिलंय. माझ्या करारात ते सोळाव्या पानावर, एस्क्रोच्या कलमाखाली होतं. १० हजार डॉलर.