ऐन दुपारीच सर्व्हर का पडतो?

प्रश्न: काणकोणात आमचं छोटं गेस्टहाऊस आहे. माडाची झावळ लाईनीवर पडली की लाईट जाते म्हणून सोलर, लिथियम बॅटरी, मोठा इन्व्हर्टर सगळं बसवलं. पण लाईट नसताना भर दुपारी युपीएस टकटक करत बॅटरीवर जातो आणि थोड्या वेळाने सर्व्हर बंद, त्यावरची बुकिंग, बिलिंग, सीसीटीव्ही अशी तिन्ही व्हर्च्युअल मशिनं (एकाच सर्व्हरमध्ये चालणारे वेगवेगळे कॉम्प्युटर) एकदम जातात. रात्री काहीच नाही! सोलरवाला म्हणतो व्होल्टेज २३० आहे, सर्व्हर बदला.

उत्तर: बदलू नका. तिन्ही एकदम जातात म्हणजे दोष बहुतेक त्यांच्या खालीच कुठेतरी आहे आणि वेळ तर तुम्हीच सांगितलीत. दुपारी बॅटरी फुल, ऊन कडक, गेस्ट बीचवर, एसी बंद, मग सोलरची वीज जाणार कुठे? पॅनेलचा इन्व्हर्टर वेगळा असेल तर बॅटरीचा इन्व्हर्टर मुद्दाम विजेची फ्रिक्वेन्सी (सेकंदाला होणारी आवर्तनं) ५० हर्ट्झवरून ५१-५२ कडे चढवतो, तो इशारा ओळखून पॅनेलचा इन्व्हर्टर उत्पादन कमी करतो, मध्ये वेगळी वायरसुद्धा लागत नाही. मला तर ही आयडिया भारी वाटते. व्होल्टेज २३०च राहतं, त्यामुळे सोलरवाला खोटं बोलत नाहीये, त्याने फक्त चुकीचा आकडा बघितला. युपीएसला मात्र हे कोण सांगणार, ग्रीडवर, म्हणजे वीज खात्याच्या लाईनीवर, फ्रिक्वेन्सी साधारण ४९.९० ते ५०.०५ मध्ये असते, त्याला वाटतं सप्लाय बिघडला.

टेस्ट सोपी आहे. लाईट गेलेल्या दुपारी इलेक्ट्रिशियनला युपीएसच्या प्लगपाशी मल्टिमीटर हर्ट्झवर लावायला सांगा आणि दोन-तीन गीझर चालू करा. जास्तीची वीज खपली की आकडा खाली येईल, युपीएसही गप्प बसेल. लॉग (मशिनांनी वेळेसकट ठेवलेल्या नोंदी) तपासणार असाल तर आधी युपीएस, इन्व्हर्टर आणि सर्व्हर तिघांची घड्याळं जुळवा, पाच-सात मिनिटांचा फरक असला तरी आधी सर्व्हर पडला आणि मग फ्रिक्वेन्सी चढली असं उलटंच दिसतं आणि माणूस दोन दिवस भलतीकडे शोधत बसतो.

तसंच निघालं तर युपीएसची फ्रिक्वेन्सी रेंज वाढवून घ्या, काही मॉडेलांत त्याला जनरेटर मोड म्हणतात. इन्व्हर्टरची सेटिंग स्वतः छेडू नका, ते सोलरवाल्याचं काम. आणि युपीएसची युएसबी केबल सर्व्हरला लावून ऑटो-शटडाऊन सेट करा, बॅटरी संपायच्या आत मशिनं नीट बंद होतील, बिलिंगचा डेटाबेस वाचेल.

गीझर लावल्यावर आकडा किती आला ते कळवा.