लिथियम महागलं, आता ग्लेझचं काय?

प्रश्न : ताई, मी स्टोनवेअरची (जास्त आचेवर भाजलेल्या मातीची) भांडी करते. माझ्या आवडत्या ग्लेझमध्ये, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात, शंभरात ३ भाग लिथियम कार्बोनेट आहे. त्याच्या भावाचा काही नेम नाही. साठा करून ठेवू, की त्याजागी स्पोड्युमिन हे लिथियमचं खनिज घालू? निळ्यासाठी लागणारं कोबाल्टही महागच आहे.

उत्तर : साठा करू नका. लिथियमचा भाव आपण भांडीवाले ठरवत नाही, बॅटरीवाले ठरवतात. २०२१-२२ मध्ये बॅटऱ्यांची मागणी उसळली तसा तो कैक पटींनी चढला, आणि २०२३ मध्ये कोसळला. चढत्या भावात घाबरून घेतलेला माल मग अंगावर पडतो.

स्पोड्युमिन चालेल, पण सरळ अदलाबदल करू नका. कार्बोनेटमध्ये लिथियम ऑक्साइड सुमारे ४० टक्के, स्पोड्युमिनमध्ये जेमतेम ८. म्हणजे ३ भागांच्या जागी १५ भाग लागणार, आणि त्यांच्याबरोबर साधारण ४ भाग अ‍ॅल्युमिना व १० भाग सिलिका येणार. म्हणून केओलिन (चिनी माती, तिच्यातून अ‍ॅल्युमिना आणि सिलिका दोन्ही येतात) १० आणि क्वार्ट्झ (म्हणजे सिलिकाच) ५ भागांनी कमी करा. हिशेब जवळपास जुळतो. मात्र केओलिन इतकं घटलं की ग्लेझ बादलीच्या तळाशी घट्ट बसतं, हाताने ढवळलं तरी सुटत नाही. त्यात एक-दोन भाग बेंटोनाइट (फार बारीक, चिकट माती) घाला, तेही कोरड्या पुडीतच मिसळून. पाण्यात वरून टाकलंत तर गुठळ्या होतात.

पण स्पोड्युमिन हे बॅटरीच्या लिथियमचंही मुख्य खनिज आहे, तेव्हा त्याचा भावही त्याच वाऱ्यावर हलतो. म्हणून मी तुम्हाला उलट विचारते : या ग्लेझमध्ये लिथियम आहे कशासाठी? नुसतं लवकर वितळावं म्हणून असेल, तर बोरॉनचं फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) घेऊन बघा. त्यासाठी सोडा (सोडियमचं प्रमाण) वाढवायच्या फंदात पडू नका. सोड्याचं ग्लेझ तापल्यावर जास्त प्रसरण पावतं आणि थंड होताना केसासारख्या भेगा पडतात. बोरॉनने तो धोका कमी होतो. लिथियममुळे येणारा खास रंग किंवा पोत हवा असेल, तर मात्र पैसे मोजा आणि ते ग्लेझ मोजक्या भांड्यांवरच लावा.

कोबाल्टची गोष्ट वेगळी. ते बहुतेक तांब्या-निकेलच्या खाणींतलं जोडउत्पादन, त्यामुळे नुसती मागणी वाढली म्हणून पुरवठा वाढत नाही. त्यातही मोठा वाटा एकट्या काँगोचा, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत त्या देशाने निर्यातच थांबवली होती. पण निळ्याला शंभरात अर्धा ते एक भाग पुरतो. दोन भाग घालत असाल, तर अर्ध्या भागापासून चढत्या प्रमाणात ग्लेझ लावून चाचणीच्या चार टाइल भाजून बघा.