सरकार कोण, संसद कोण

तुमच्या मजकुरातलं ‘वेल्श असेंब्लीने (म्हणजे वेल्सच्या विधिमंडळाने) निधी दिला’ हे वाक्य आधी बदला. पैसे खर्च करतं ते वेल्श सरकार. कायदे करते आणि सरकारला जाब विचारते ती सेनेद, म्हणजे तिथली संसद; असेंब्ली हे तिचंच जुनं नाव. गोंधळ तुमचा एकट्याचा नाही म्हणा, २०११पर्यंत ते सरकारच स्वतःला ‘वेल्श असेंब्ली गव्हर्नमेंट’ म्हणवून घ्यायचं! विधिमंडळाला सेनेद हे नाव मे २०२०मध्ये मिळालं, त्याआधी घडलेल्या गोष्टींना ते चिकटवू नका. स्कॉटलंडमध्ये २००७पर्यंत सरकारला ‘स्कॉटिश एक्झिक्युटिव्ह’ म्हणत. एडिनबरातल्या होलीरूडला भरणारी स्कॉटिश संसद निराळी. अडलंच तर बघा, निर्णय मंत्र्याने घेतला की सभागृहात मतदान झालं. फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे सरकारचे प्रमुख, मात्र सरकारात आणि सभागृहात दोन्हीकडे असतात, त्यांच्यावरून काही ठरवू नका.