सगळेच का उठले?

प्रश्न : मी निवृत्त पोस्टमास्तर. दिवाळीच्या सुट्टीत आठवीतल्या नातीबरोबर प्राचीन रोममधल्या गुलामांच्या बंडावरचा 'स्पार्टाकस' हा १९६० चा इंग्रजी चित्रपट पाहिला. शेवटी रोमन म्हणतात, तुमचा म्होरक्या स्पार्टाकस कोण ते दाखवा, म्हणजे क्रूसावर चढवणार नाही. तेव्हा पकडलेले गुलाम एकेक करून उठतात आणि 'मीच स्पार्टाकस' म्हणून ओरडतात, तिथे माझे डोळे भरून आले. नातीने मात्र विचारलं, "आजोबा, त्याला दाखवून दिलं असतं तर बाकीचे वाचले असते ना? मग सगळेच का उठले? आणि हे खरंच झालं होतं का?" मला नीट सांगता आलं नाही. तुम्ही इतिहासाच्या बाई, म्हणून विचारतो.
– एक आजोबा, मिरज

उत्तर : तिचा दुसरा प्रश्न आधी घेते. नाही, तसं झालं नव्हतं. या बंडाची हकीकत आपल्याला मुख्यतः प्लुटार्क आणि अॅपियन या प्राचीन ग्रीक लेखकांकडून कळते, आणि दोघांनीही ती दोनशेएक वर्षांनी लिहिली. त्यात 'दाखवून द्या, म्हणजे क्रूस टळेल' अशी सवलत कुठेच नाही. स्पार्टाकस इ. स. पू. ७१ मधल्या शेवटच्या लढाईत लढता लढता पडला आणि त्याचं प्रेत सापडलं नाही, असं अॅपियन सांगतो. म्हणजे चित्रपटातला त्याचा क्रूसावरचा मृत्यूही रचलेलाच. खऱ्या स्पार्टाकसला बायको होती, त्याच्याच टोळीतली, पण तिचं नाव कोणी लिहून ठेवलेलं नाही. 'व्हॅरिनिया' आणि तिच्या कडेवरचं बाळ कथेतले आहेत.

जे खरं आहे तेही तिला सांगा. इ. स. पू. ७३ मध्ये इटलीतल्या कापुआच्या ग्लॅडिएटर-शाळेतून, म्हणजे लोकांच्या करमणुकीसाठी आखाड्यात लढवायच्या गुलामांच्या शाळेतून, सत्तरेक जण पळाले, तेव्हा त्यांच्या हातात स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि मांस भाजायच्या सळया होत्या. चित्रपटातही ठिणगी जेवणघरातच पडते आणि तो क्रूर शिक्षक सूपच्या भांड्यात बुडून मरतो. पुढे वेसुव्हियस डोंगरावर रोमनांनी वाट अडवली, तेव्हा या लोकांनी रानवेलींच्या शिड्या विणल्या, कड्यावरून उतरले आणि पाठीमागून छावणीवर पडले. हे चित्रपटात दिसत नाही, याची मला फार हळहळ वाटते.

आणि हरलेल्या गुलामांना चढवलेले ते ६,००० क्रूस खरे आहेत, कापुआ ते रोम रस्त्याच्या कडेने उभे केलेले. हा रस्ता सुमारे २०० किलोमीटरचा. सारख्या अंतरावर उभे केले असं धरलं तर दर ३३ मीटरला एक क्रूस येतो. मी ३१ वर्षं इतिहास शिकवला. हा धडा आला की वर्ग मैदानावर न्यायची, ३३ मीटर चालायला लावायची, थांबायचं, पुन्हा ३३ मीटर. चौथ्या-पाचव्या थांब्याला मुलं बोलायची थांबत. मग मी सांगायची, असं रोमपर्यंत.

आता तिचा पहिला प्रश्न. त्यासाठी दोघांनी चित्रपटाचा सुरुवातीचा एक प्रसंग पुन्हा बघा. शाळेत नवा आलेला स्पार्टाकस शेजारच्या ड्राबाला नाव विचारतो. ड्राबा म्हणतो, तुला माझं नाव कळायला नको आणि मला तुझं नको. उद्या आखाड्यात आपली जोडी लावली तर मला तुला मारावं लागेल. म्हणजे मालकांनी माणसामाणसांतली साधी ओळखसुद्धा धोक्याची करून ठेवली होती. पुढे खरोखरच दोघांची जोडी लागते. ड्राबा जिंकतो, त्रिशूळ स्पार्टाकसच्या गळ्याशी असतो, आणि तो वळून वर बसलेल्या पाहुण्यांच्या दिशेने ते फेकतो. त्यात त्याचा जीव जातो. ड्राबा झालेल्या वुडी स्ट्रोडने फारसं न बोलता हे केलंय, आणि मला सबंध चित्रपटात त्याच्याहून मोठं काम कुणाचंच वाटत नाही.

जिथे नाव सांगायचीही भीती होती, तिथून ही माणसं एकच नाव सगळ्यांनी घेण्यापर्यंत येतात. नातीचा हिशेब बरोबर आहे, बाकीचे जगले असते. पण गुलाम म्हणून. सेनापती जीव परत देतोय, त्याची किंमत म्हणून मित्र मागतोय, आणि जगून पुन्हा त्याच आखाड्यात, त्याच खाणीत जायचं आहे. ड्राबाने जे एकट्याने नाकारलं, ते इथे हजारो जण नाकारतात.

हा प्रसंग ज्यांच्या हातून आला त्यांना नाव न सांगण्याची किंमत ठाऊक होती. मूळ कादंबरीचा लेखक हॉवर्ड फास्ट अमेरिकेत कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या संसदीय समितीला नावं देईना म्हणून १९५० मध्ये तुरुंगात गेला आणि तिथेच त्याच्या मनात ही कादंबरी सुरू झाली. पटकथाकार डाल्टन ट्रंबोही अशाच समितीपुढे उत्तरं नाकारून त्याच वर्षी तुरुंगात गेला. त्याआधीच हॉलीवूडने त्याला काळ्या यादीत टाकलं होतं, म्हणजे उघडपणे काम मिळणं बंद, म्हणून तो टोपणनावांनी लिहीत राहिला. एका खोट्या नावाला तर ऑस्करही मिळालं, ते घ्यायला तो पुढे येऊ शकला नाही. 'स्पार्टाकस'च्या वेळी नायक आणि निर्माता कर्क डग्लसने त्याचं खरं नाव पडद्यावर दिलं. सुरुवातीच्या पाट्यांमध्ये ते शोधायला नातीला सांगा.

एक शेवटचं. तुम्ही पाहिलेली प्रत किती मिनिटांची होती? मी पहिल्यांदा पाहिली ती १६१ मिनिटांची, कापलेली. त्यात अँटोनायनस हा तरुण गुलाम त्या रोमन सेनापतीच्या, क्रॅससच्या, घरून का पळतो, हे मला कळलंच नव्हतं. १९९१ मध्ये दुरुस्त झालेली प्रत १९७ मिनिटांची आहे. तिच्यात स्नानगृहातला तो प्रसंग परत आला आहे, जिथे मालक गोड बोलत, आडवळणाने त्या मुलाकडे त्याचं शरीर मागतो. मूळ आवाज हरवला होता आणि क्रॅसस झालेले लॉरेन्स ऑलिव्हिए हयात नव्हते, म्हणून त्यांचे ते संवाद अँथनी हॉपकिन्स या नटाने म्हटले आहेत. नात आठवीत आहे. हा प्रसंग आधी तुम्ही एकटे बघा आणि तिला किती सांगायचं ते ठरवा. पण बघाच. मालकाला 'नाही' म्हणण्याची सोय नसलेला हा मुलगा तिथून काही न बोलता निघून जातो. आणि शेवटी डोंगरउतारावर स्पार्टाकस उठू लागतो, तेव्हा त्याच्याबरोबर उठून सगळ्यांत आधी 'मी स्पार्टाकस' म्हणणारा तोच असतो.