इंजिन गरम झाल्यावरच होणारे मिसिंग : पार्ट बदलण्याआधी काय तपासावे

आपण दिलेली माहिती थोडक्यात अशी : चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, तिला नंतर बसवलेले सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेले) सीएनजी किट, सकाळी पहिली काही मिनिटे इंजिन सुरळीत, मग मिसिंग (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे) सुरू, चेक इंजिनचा दिवा आणि स्कॅनरवर पी ०३०२ हा कोड. नवे प्लग टाकूनही फरक पडलेला नाही आणि आता गॅरेजमधून इंधन पंप व इंजेक्टर बदलण्याचा सल्ला मिळाला आहे.

माझ्या मते पंपाला तूर्त हात लावू नये. गरम झाल्यावर पंपाचा दाब पडत असेल, तर त्याचा त्रास चारही सिलिंडरना होतो आणि बहुधा पी ०३०० हा (कोणत्याही एका सिलिंडरकडे बोट न दाखवणारा) कोड दिसतो. आपल्या कोडमधला शेवटचा आकडा मात्र केवळ दुसऱ्या सिलिंडरकडे निर्देश करतो. इंजिनाच्या फिरण्याची नोंद घेणाऱ्या क्रँक सेन्सरचेही तसेच आहे : तो तापून बिघडला, तर एक सिलिंडर नव्हे, अख्खे इंजिन बंद पडते. हेड गॅस्केटची शंका आपण व्यक्त केली आहे, पण सिलिंडरमध्ये कूलंट झिरपत असेल तर मिसिंग बहुधा सकाळी स्टार्ट करतानाच होते आणि थोड्या वेळाने थांबते, म्हणजे आपल्या तक्रारीच्या नेमके उलट.

आता पहिला प्रश्न असा, की मिसिंग इंजिन गरम झाल्यावर सुरू होते, की गाडी सीएनजीवर गेल्यावर? अशा किटची गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि कूलंट ठरावीक तापमानाला पोहोचल्यावर आपोआप गॅसवर जाते, त्यामुळे या दोन घटना एकमेकींत सहज मिसळतात. स्विच पेट्रोलवरच ठेवून इंजिन पूर्ण तापेपर्यंत गाडी चालवावी. मिसिंग फक्त गॅसवर होत असेल, तर दुसऱ्या सिलिंडरचा गॅस इंजेक्टर व त्याची नळी संशयित ठरते. मात्र गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागत असल्याने अशक्त कॉइलही (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज पुरवणारा भाग) आधी गॅसवरच उघडी पडते, हे विसरू नये. फक्त पेट्रोलवर होत असेल, तर पेट्रोल इंजेक्टर पाहावा. दोन्ही इंधनांवर सारखेच होत असेल, तर इंजेक्टर बदलण्याचे कारणच उरत नाही, कारण गॅसवर चालताना पेट्रोल इंजेक्टर बंद असतात आणि दोन वेगळे इंजेक्टर एकाच सिलिंडरवर एकाच वेळी बिघडणे हा फारच दुर्मीळ योगायोग होईल. अशा वेळी प्रश्न ठिणगीचा किंवा कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण नीट दाबले जाण्याचा, असतो.

या दोहोंतला फरक मिसिंग कधी जाणवते यावरून बराचसा कळतो. चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर हिसके बसत असतील, तर कॉइलचा संशय घ्यावा. लोड वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते, आणि तापून इन्सुलेशन कमकुवत झालेली कॉइल तिथे मार खाते. मल्टीमीटरने थंड कॉइल मोजून ती ठीक असल्याचा निर्वाळा देणे व्यर्थ आहे. शिवाय आत इग्नायटर (ठिणगीचे इलेक्ट्रॉनिक स्विच) असलेल्या कॉइलचा रेझिस्टन्स साध्या मीटरवर नीट कळतही नाही. त्यापेक्षा इंजिन थंड असताना दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी, गाडी पूर्ण तापवावी आणि कोड पाहावा. पी ०३०३ आला, तर दोषी कॉइल सापडली. सिलिंडरचे क्रमांक बहुतेक इंजिनांत टायमिंग चेनच्या बाजूने मोजतात. उलट्या टोकाने मोजल्यामुळे भलतीच कॉइल बदलल्याचे प्रकार होतात. कॉइल काढल्यावर प्लगच्या खड्ड्यात ऑइल आहे का, आणि रबरी बुटावर काळी रेघ उमटली आहे का, हेही पाहून घ्यावे. प्लग नवा असला तरी बसवताना हातातून पडून त्याच्या सिरॅमिकला बारीक तडा गेलेला असू शकतो.

याउलट सिग्नलला उभे असताना गाडी थरथरत असेल आणि आरपीएम वाढवताच सुरळीत होत असेल, तर सीएनजीच्या गाडीत मी आधी टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व आणि तो उघडणाऱ्या भागांमधली बारीक फट) तपासायला सांगेन. गॅस कोरडा असल्याने एक्झॉस्ट व्हॉल्व हळूहळू सीटमध्ये रुतत जातो आणि क्लिअरन्स कमी होतो. थंड असताना थोडी फट शिल्लक असते. तापून व्हॉल्वची दांडी लांबली की ती संपते, व्हॉल्व पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन गळते. म्हणूनच थंड इंजिनावर केलेली कॉम्प्रेशन टेस्ट इथे चकवते. गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे खराब होण्याचा धोका असतो, त्यामुळे त्या खटाटोपापेक्षा थंड इंजिनावर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) क्लिअरन्स मोजून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहणे सोपे. आपल्या इंजिनात हायड्रॉलिक लॅश ॲडजस्टर (ही फट आपोआप जुळवणारे भाग) असतील, तर मात्र ही तपासणी लागू होत नाही.

इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरत असली तरीही आयडलिंगलाच त्रास होतो. थंड इंजिनाला ईसीयू (इंजिनाचा संगणक) जास्त इंधन देतो, त्यामुळे गळती झाकली जाते आणि ऑक्सिजन सेन्सरनुसार मिश्रण ठरू लागल्यावर ती जाणवते. गाडी पेट्रोलवर ठेवून स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात करत असलेली वाढ-घट) पाहावा : आयडलिंगला तो +१५ किंवा +२० टक्के आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल, तर हवा शिरत आहे असे समजावे. कोड पुसण्याआधी फ्रीज फ्रेममधले (कोड आला त्या क्षणाच्या नोंदीतले) कूलंटचे तापमान, आरपीएम आणि लोड लिहून ठेवा. अनेक ठिकाणी कोड आधी पुसतात आणि मग विचार करतात.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर ॲक्सिलरेटर सोडून गाडी बाजूला घ्यावी, कारण न जळलेले इंधन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि कॉइलच्या कित्येक पट महाग असलेला तो पार्ट निकामी होतो. तसेच कोणता सिलिंडर मरतो हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर कॉइल उपटू देऊ नये. कार्ब्युरेटरच्या काळात प्लगची वायर काढून पाहण्याची रीत चालून जात असे, आजच्या गाडीत ईसीयूमधले कॉइल चालवणारे सर्किट जळू शकते.

गाडी दाखवायला न्याल तेव्हा तिथे पोहोचल्यावर इंजिन बंद करून रांगेत थांबू नका. मिसिंग चालू असतानाच मेकॅनिकला शेजारी बसवून फेरी मारा, आणि काम झाल्यावरही तितकेच तापमान, तोच रस्ता आणि तेच इंधन ठेवून गाडी चालवून पाहिल्याशिवाय ताब्यात घेऊ नका.