लडाखवरच्या तुझ्या लेखाबद्दल

प्रिय मित्रा,

लेख मिळाला, दोनदा वाचला. घाटातल्या प्रवासाचं वर्णन सुरेख उतरलंय. खटकलं ते पुढे. लेहच्या बाजारात जीन्स आणि कॉफीची दुकानं दिसली आणि 'पाश्चात्त्यांनी संस्कृती बुडवली' असं लिहून तू मोकळा झालास. तुझी हळहळ खरी आहे, मलाही ती वाटते. पण तेवढ्यावर लेख उभा राहत नाही.

'जगापासून तुटलेला लडाख' हे आधी काढून टाक. मध्य आशियातल्या यारकंदचे व्यापारी काफिले लेहला यायचे, १८८५ पासून तिथे मोरावियन पंथाचे ख्रिस्ती मिशनरी होते. परदेशी पर्यटकांना लडाख १९७४ साली खुला झाला आणि त्यानंतरचा बदल वेगळ्या जातीचा आहे. तो एखाद्या साध्या गोष्टीतून दाखव.

मी असतो तर संडासावर लिहिलं असतं. संकोच करू नकोस. जुन्या लडाखी घरात वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली असते. जमिनीला भोक, बाजूला मातीचा ढीग, त्यात खोचलेलं फावडं. वरून माती लोटली की झालं. खाली मुरलेलं खत पुढे जवाच्या शेतात जातं. पाणी थेंबभरही लागत नाही. लेहला वर्षाकाठी पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर. शेती वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर, आणि ते कुणाच्या शेताला कधी सोडायचं हे बघायला गावाने नेमलेला छुरपोन. अशा गावात पाहुण्याला फ्लश आणि गरम शॉवर हवा असतो. मग हॉटेलवाला बोअर मारतो, मैला खड्ड्यात सोडतो, आणि तो झिरपत जमिनीखालच्या पाण्यात उतरतो. हा पाहुणा आता बहुतेकदा गोरा नसतो रे, आपल्या पुण्या-मुंबईचाही असतो. हे लेखात यायलाच हवं.

मग एखाद्या घरातल्या आजींशी निवांत बोल. कडाक्याच्या थंडीत शेणाच्या गोवऱ्यांऐवजी गॅस आला याचा त्यांना आनंद असेल, तर तसंच लिही. तुझ्या लेखासाठी त्यांनी जुन्या हालात राहावं, असं मनातही आणू नकोस. पण पाण्याची पाळी मोडली तेव्हा कुणाचं शेत आधी वाळलं, हेही त्यांनाच ठाऊक असतं. तेही विचार, आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरव.

पुढचा खर्डा पाठवशील तेव्हा तू उतरलास त्या खोलीतलं पाणी कुठून येत होतं आणि कुठे जात होतं, ते त्यात असू दे. माहीत नसेल तर हॉटेलात फोन करून विचार. फोटो दोन कमी चालतील.

कळावे.