वर येऊन बसणारं एआयचं उत्तर घालवायचं कसं?

प्रश्न : ताई नमस्कार, मी रिटायर शिक्षिका, सोलापूरला असते. पूर्वी काहीही शोधलं की लिंका यायच्या, त्यातली बरी वाटेल ती उघडायची, विषय संपला. आता आधी एआयचं भलंमोठं उत्तर, मग जाहिराती, मग "लोक हेही विचारतात", मग व्हिडिओ, आणि लिंका पार तळाला. परवा हुलग्याचं माडगं शोधत होते तर मडगावची हॉटेलं दाखवली, ते तर वेगळंच. हे सगळं बंद करायचं बटण कुठंय? भाचा म्हणतो नाहीचे.

उत्तर : काकू, भाचा खरं बोलतोय. तुम्ही कुठलं सर्च इंजिन वापरता ते लिहिलं नाहीत, पण बहुतेकांच्या फोनमध्ये गुगलच असतं म्हणून त्याचंच सांगते. गुगलच्या मदतीच्या पानावर सरळ लिहिलंय की एआय ओव्हरव्ह्यू (म्हणजे वर येऊन बसणारं ते उत्तर) हा सर्चचाच भाग आहे, तो बंद करता येत नाही. सर्च लॅब्समध्ये (गुगलच्या नव्या प्रयोगांच्या पानावर) जाऊन तिथले स्विच बंद केले तरी ते जात नाही, मी स्वतः अर्धा तास त्यात घालवलाय म्हणून सांगते.

हे अमेरिकेत मे 2024 मध्ये सगळ्यांना दिसायला लागलं आणि आपल्याकडे त्याच ऑगस्टमध्ये, इंग्रजीबरोबर हिंदीतही. तिकडे आल्या आल्याच त्याने पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद घाला असा सल्ला दिला होता, रेडिट नावाच्या गप्पांच्या साइटवर कुणीतरी वर्षानुवर्षांपूर्वी केलेली चेष्टा त्याने खरी धरली! त्यामुळे औषध, पैसे, सरकारी कागद यातलं काहीही असलं तर त्या वरच्या उत्तरावर जाऊच नका, लिंक उघडा.

बंद होत नाही, पण त्याला वळसा घालता येतो. काही शोधलं की वर सर्व, इमेज, व्हिडिओ, बातम्या अशी पट्टी येते ना, ती बोटाने डावीकडे सरकवत न्या, नाहीतर "आणखी" वर टॅप करा, तिथे "वेब" दिसेल. ते दाबलं की नुसत्या लिंका, अगदी तुमच्या त्या जुन्या दिवसांसारख्या. गंमत म्हणजे हे वेब बटणही त्याच मे 2024 मध्ये आलं, फक्त ते असं कोपऱ्यात ठेवलंय की कुणाला सापडू नये.

दर वेळी दाबायचा कंटाळा येतो, मान्य. कॉम्प्युटरवर क्रोम असेल तर एकदाच पंधरा मिनिटं बसा, भाच्याला चहा द्या आणि त्याच्याकडून करून घ्या. आधी एखादा इंग्रजी शब्द शोधायचा, वेब टॅब दाबायचा आणि वरचा पत्ता नीट बघायचा. त्यात कुठेतरी यूडीएम=14 असं असतं (इंग्रजी छोट्या अक्षरांत), सगळी जादू त्या 14 मध्ये आहे. तो पत्ता कॉपी करायचा, क्यू आणि बरोबरच्या खुणेनंतर (q=) तुमचा शब्द असेल तेवढाच खोडून तिथे टक्क्याची खूण आणि त्याला चिकटून इंग्रजी छोटा एस टाकायचा. मग क्रोमच्या सेटिंगमध्ये सर्च इंजिन, तिथे साइट सर्च, अ‍ॅड, नाव काहीही द्या (मी "साधं" दिलंय), पत्ता पेस्ट, सेव्ह, शेवटी तीन टिंबांवर जाऊन डिफॉल्ट करा. झालं. फोनवरच्या क्रोममध्ये हे असं जमत नाही, पण अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये स्वतःचं सर्च इंजिन घालता येतं. शोधाच्या शेवटी वजाची खूण लावून इंग्रजीत एआय लिहा असंही लोक सांगतात, ते कधी चालतं कधी नाही, मी नादी लागत नाही. आणि एवढी खटपटच नको असेल तर डकडकगो हे दुसरं सर्च इंजिन वापरून बघा, त्यांच्या सेटिंगमध्ये एआयची उत्तरं बंद करायची खरीखुरी सोय आहे.

आता माडगं. इंजिनाला वाटतं आपलं स्पेलिंग चुकलं, म्हणून ते परस्पर दुरुस्त करतं. शब्द दुहेरी अवतरणात टाका, "माडगं" असा. पूर्वी गुगलवर शब्दाआधी अधिकची खूण लावली की तो शब्द हवाच असा अर्थ व्हायचा, 2011 ला गुगल प्लस (गुगलचं फेसबुकसारखं काहीतरी) आलं आणि ती खूण काढून घेतली, पुढे गुगल प्लसही गेलं, खूण काही परत आली नाही. अवतरणाने भागलं नाही तर कॉम्प्युटरवर टूल्स, मग ऑल रिझल्ट्स, तिथे व्हर्बेटिम निवडा, म्हणजे जे टाइप केलं तेच शोधतं, शहाणपणा करत नाही. आणि नुसतं माडगं नको, हुलग्याचं "माडगं" कृती असं टाका.

प्रश्न : सर्चच्या चौकटीत बोट ठेवलं की कुठल्या तरी नटीचा घटस्फोट आणि क्रिकेटचा स्कोअर येतो, मी तर काही टाइपच केलेलं नसतं. मुलं फोन बघतात, लाज वाटते.

उत्तर : ते ट्रेंडिंग सर्च, तुमच्या हिस्ट्रीतलं नाही, तेव्हा लाजू नका. गुगल अ‍ॅपमध्ये आपल्या फोटोवर टॅप करून सेटिंग, त्यात अदर सेटिंग्ज, तिथे "ऑटोकंप्लीट विथ ट्रेंडिंग सर्चेस" बंद करा. डिस्कव्हर म्हणून बातम्यांची जी माळ येते तिचाही स्विच तिथेच जवळपास असतो, क्रोममध्ये मात्र ती नवीन टॅबवर वेगळी बंद करावी लागते. एकदा बंद केलं की घरात शांतता वाटते हो, खोटं नाही.

प्रश्न : लॅपटॉपवर स्टार्टमध्ये माझीच फाइल शोधली तर इंटरनेटवरचं काहीबाही दाखवतं. विंडोज 11 आहे.

उत्तर : युरोपातल्या लोकांना तिथल्या कायद्यामुळे ते इंटरनेटवरचं दाखवणारं बिंग (मायक्रोसॉफ्टचं सर्च इंजिन) काढून टाकता येतं, आपल्याला साधं बटण नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) बदल करून जातं पण ते माहितगाराकडूनच करून घ्या, चुकीची ओळ उडाली तर लॅपटॉप रुसतो. तोवर विंडोजचं बटण आणि ई एकत्र दाबा, फोल्डर उघडेल, उजवीकडे वरच्या चौकटीत फाइलचं नाव टाका. तिथे फक्त तुमच्याच फाइली.